माराकायबोचा कंदील : अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, वैशाख-ज्येष्ठांत आपल्या बालाघाटावर वळवाचे ढग जमूं लागले म्हणजे विजेचें भय वाटत नाहीं असें घर बीड जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावरून दूर क्षितिजाशीं, कांहींएक आवाज न होतां, चमकणारी वीज आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती कोणत्या गांवावर आहे याविषयीं दहा जण दहा तर्क करतात. आणि पायाळू मनुष्यावर वीज हटकून पडते, ही समजूत तर अजूनही कित्येक घरांत ऐकूं येते. आपल्याकडे हा देखावा वर्षांतून थोडे दिवस असतो. परंतु पृथ्वीवर असेंही एक सरोवर आहे कीं, ज्याच्यावर वर्षांतील बहुतेक रात्रीं वीज चमकत असते. दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशांतलें माराकायबो हें तें सरोवर होय. या विजेची वार्ता ज्यांनीं युरोपांतील विद्वानांच्या कानीं घातली, त्या अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. विशेष हा कीं, ती वीज त्यांनीं स्वतः जवळ जाऊन कधींच पाहिली नव्हती. जें आपण पाहिलें नाहीं त्याविषयीं शहाण्या मनुष्यानें कसें लिहावें, हें त्यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.

हंबोल्ट यांचा जन्म ता. १४ सप्टेंबर १७६९ रोजीं प्रशियाच्या राजधानींत, बर्लिन शहरीं झाला. वडील प्रशियाच्या सैन्यांत अधिकारी होते. घर सधन होतें. परंतु अलेक्झांडर नऊ वर्षांचा असतांनाच वडील वारले, आणि दोघां भावांच्या शिक्षणाचा भार आईवर पडला. तिनें उत्तमोत्तम शिक्षक ठेविले, पण माया मात्र फारशी दाखविली नाहीं. थोरला भाऊ विल्हेल्म बुद्धीनें तल्लख. त्याच्या मानानें अलेक्झांडर मंद आहे असें शिक्षकांस वाटे. त्याची प्रकृतीही नाजूक होती. पुस्तकापेक्षां त्याचें लक्ष बागेकडे अधिक. फुलें, पानें, किडे, शिंपले व दगड यांनीं त्याचे खिसे सदा भरलेले असत, आणि त्यावरून घरचीं माणसें त्याला चेष्टेनें छोटा औषधविक्या म्हणत. पुढें विल्हेल्म हा मोठा भाषापंडित झाला. १८१० सालीं बर्लिनचें विद्यापीठ स्थापन करण्यांत त्याचाच पुढाकार होता, आणि संस्कृत शिकून त्यानें बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें भगवद्गीतेवर निबंध वाचले. वर्गांत मागें पडलेल्या धाकट्या भावानें तर अर्ध्या पृथ्वीचीं मापें घेतलीं. दोघांचें प्रेम शेवटपर्यंत अभंग राहिलें.

गटिंगेनच्या विद्यापीठांत शिकत असतांना अलेक्झांडर यांचा परिचय कॅप्टन कुक यांच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या गेऑर्ग फोर्स्टर यांच्याशीं झाला, आणि दूरदेश पाहण्याची ओढ त्यांच्या मनांत कायमची बसली. परंतु मुलानें सरकारी नोकरी करावी अशी आईची इच्छा होती. तिला मान देऊन त्यांनीं फ्रायबर्ग येथें खाणींचें शास्त्र शिकून घेतलें आणि प्रशियाच्या खाणखात्यांत अधिकारी झाले. तेथें ते केवळ हिशेब तपासून स्वस्थ बसले नाहींत. खाणमजुरांस आपल्या कामाचें ज्ञान नाहीं व त्यामुळें त्यांचे प्राण धोक्यांत येतात, हें पाहून त्यांनीं १७९३ सालीं श्टेबेन या खेड्यांत पदरच्या पैशानें मजुरांसाठीं एक फुकट शाळा काढिली. विषारी हवेंतही जळत राहील असा दिवा त्यांनीं तयार केला, आणि त्याची परीक्षा घेण्यास ते स्वतःच खाणींत उतरले. त्या परीक्षेंत ते बेशुद्ध पडले. सोबत्यांनीं ओढून काढलें म्हणून जीव वांचला.

याच काळांत विजेनें त्यांचें मन वेधून घेतलें. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन निरनिराळ्या धातू लावल्या असतां तो पाय झटका देतो, असें इटलींतील गॅल्व्हानी यानें दाखविलें होतें. हंबोल्ट यांनीं असे शेंकडों प्रयोग केले, आणि कित्येक स्वतःच्या देहावर केले. पाठीवर फोड आणवून, त्या उघड्या मांसावर धातूचे पत्रे ठेवून काय वेदना होते याची नोंद त्यांनीं केली. हा ग्रंथ १७९७ सालीं प्रसिद्ध झाला. विजेविषयीं ऐकीव गोष्टीवर विसंबणारा हा मनुष्य नव्हता, एवढें यावरून ध्यानांत ठेवावें. पुढें याचा उपयोग होईल.

१७९६ सालीं आई वारली व वडिलार्जित संपत्तीचा वांटा हातीं आला. त्यांनीं नोकरी सोडली. स्पेनच्या राजाकडून अमेरिकेंतील वसाहतींत फिरण्याची परवानगी मिळवून, एमे बॉप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रासह ते ता. ५ जून १७९९ रोजीं स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाले आणि १६ जुलै रोजीं व्हेनेझुएलांतील कुमाना बंदरीं उतरले. उंची, उष्णता, हवेचा दाब, आर्द्रता, चुंबकाची दिशा, फार काय आकाशाचा निळेपणाही मोजण्याचीं उपकरणें त्यांच्याबरोबर होतीं.

कुमाना येथें त्यांच्या बिऱ्हाडासमोरच गुलामांचा बाजार भरे. आफ्रिकेंतून आणलेल्या माणसांचीं तोंडें उघडून, जनावरांप्रमाणें दांत पाहून त्यांची किंमत ठरविली जात असे. हंबोल्ट यांनीं हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आणि गुलामगिरीविषयीं त्यांच्या मनांत जो तिटकारा उत्पन्न झाला तो साठ वर्षें टिकला. क्यूबा बेटावरील आपल्या पुस्तकांत त्यांनीं तिच्यावर कडक टीका केली. १८५६ सालीं अमेरिकेंत त्या पुस्तकाचें भाषांतर झालें तेव्हां भाषांतरकारानें नेमकें तेंच प्रकरण गाळलें. तोंवर हंबोल्ट सत्त्याऐंशीच्या घरांत आले होते. तरी त्यांनीं वर्तमानपत्रांतून याचा जाहीर निषेध केला.

इ. स. १८०० च्या फेब्रुवारींत ते व्हॅलेन्सिया सरोवराच्या कांठीं पोंचले. या सरोवराचें पाणी वर्षानुवर्षें ओसरत होतें. तळाशीं एखादें गुप्त भुयार असून त्यांतून पाणी निघून जातें, असें तेथील लोक समजत. हंबोल्ट यांनीं आधीं भोंवतालचा प्रदेश पाहिला. सरोवरास मिळणाऱ्या ओढ्यांचें पाणी निळीच्या शेतांकडे वळविलेलें होतें, आणि डोंगरांवरील झाडी तोडलेली होती. झाडी गेल्यामुळें पावसाचें पाणी जमिनींत न मुरतां मातीसह वाहून जाई व ओढे लवकर आटत. भुयार शोधण्याचें कारणच उरलें नाहीं. जंगलतोडीनें पाण्याचा कसा नाश होतो याचें हें शास्त्रीय विवेचन दुष्काळाशीं झगडणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यानें आजही वाचावें असें आहे.

पुढें काळाबोसो गांवाजवळच्या डबक्यांत वामेसारखे लांब मासे होते व त्यांच्या अंगांतून विजेचा झटका बसत असे. ते पकडण्यासाठीं तेथील लोकांनीं सुमारे ३० घोडे व खेचरें पाण्यांत घातलीं. माशांच्या झटक्यांनीं कांहीं घोडे पाण्यांत कोसळून बुडाले; शेवटीं मासे थकले व हातीं लागले. नुकत्याच बाहेर काढलेल्या एका माशावर हंबोल्ट यांचा पाय पडला, आणि त्यांचे गुडघे व सांधे दिवसभर ठणकत राहिले. तरीही दोघां मित्रांनीं त्या माशांवर कित्येक तास प्रयोग केले. त्यानंतर ७५ दिवस नदीनें प्रवास करून, डांसांचा अनन्वित छळ सोसून, ओरिनोको व अ‍ॅमेझॉन या दोन महानद्यांचीं पात्रें कासिक्यारे नांवाच्या नैसर्गिक प्रवाहानें जोडलेलीं आहेत, हें त्यांनीं पक्कें केलें.

आतां मूळ विषयाकडे येऊं. व्हेनेझुएलांत हंबोल्ट यांच्या कानीं एक विलक्षण गोष्ट आली. पश्चिमेकडील माराकायबो सरोवरास काटातुंबो नांवाची नदी मिळते. त्या निर्मनुष्य प्रदेशावर रात्रीमागून रात्र एक प्रकाश लखलखतो, समुद्रावरील नावाडी त्याच्या धोरणानें गलबतें हांकतात, व त्याला माराकायबोचा कंदील असें नांव पडलें आहे, अशी ती वार्ता होती. परंतु हंबोल्ट यांचा मार्ग पूर्वेकडील होता. १८०० च्या अखेरीस ते क्यूबास गेले. नंतर दक्षिण अमेरिकेस परतले तेव्हां ते माग्दालेना नदीनें अँडीज पर्वताकडे निघाले. तें सरोवर या दोन मार्गांच्या मध्येंच राहून गेलें.

अशा वेळीं सामान्य प्रवासी दोहोंपैकीं एक करतो. एक तर गोष्ट रंगवून, जणूं आपण तेथें होतों अशा थाटानें सांगतो, किंवा नेटिव लोकांची बाष्कळ बडबड म्हणून ती टाकून देतो. हंबोल्ट यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. पुढें पॅरिसमध्यें छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतांत त्यांनीं ही गोष्ट प्रश्नाच्या रूपानें मांडली. हा प्रकाश काय असावा, असें विचारून त्यांनीं पुढील गोष्टी नमूद केल्या : पालासिओस नांवाच्या गृहस्थांनीं मेरिदा गांवाहून दोन वर्षें तो पाहिला आहे, तो चाळीस लीगांहून अधिक, म्हणजे सुमारें दोनशें किलोमीटर अंतरावरून दिसतो, डोंगरांच्या खिंडींत रोज होणाऱ्या विजेचा तो परिणाम असावा असें कांहींजण मानतात, जवळ गेल्यास गडगडाट ऐकूं येतो असेंही सांगतात, आणि दुसरे कित्येक जण त्याचा संबंध जमिनींतील डांबराच्या ज्वालाग्राही वायूंशीं लावितात. पाहणाऱ्याचें नांव, स्थळ, काल, अंतर, आणि निरनिराळीं मतें हीं सर्व त्यांनीं दिलीं. पाहिल्याचा आव मात्र आणला नाहीं.

यांतील शंकेचें मर्म समजून घेण्याजोगें आहे. विजेचा प्रकाश उंच ढगांवरून फार लांब दिसतो, परंतु गडगडाट साधारणपणें वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे ऐकूं येत नाहीं. म्हणून दुरून पाहणाऱ्यास नुसतीच मुकी चमक दिसते व ही वीज नसून दुसरेंच कांहीं असावें असें वाटतें. आपल्या घाटमाथ्यावरून दिसणारी मुकी वीजही अशीच कोठें तरी गर्जत असते.

प्रश्न नीट लिहून ठेवलेला असला म्हणजे पुढील पिढ्यांस तो हातीं घेतां येतो. इटालियन इंजिनियर आगुस्तिन कोडाझ्झी यांनीं व्हेनेझुएलाचा नकाशा तयार करतांना या विजेची नोंद केली. त्यांचा भूगोल १८४१ सालीं प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकांत सरोवराच्या आसपास खनिज तेलाच्या विहिरी निघाल्या, तेव्हां दलदलींतील वायूचें मत पुन्हां पुढें आलें. पण तें सिद्ध झालें नाहीं. खरें मोजमाप आकाशांतूनच व्हावयाचें होतें. १९९७ सालीं सोडलेल्या, पाऊस मोजणाऱ्या एका अमेरिकन-जपानी उपग्रहावर वीज टिपणारें यंत्र होतें. त्याच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, पृथ्वीवर सर्वांत दाट वीज माराकायबो सरोवरावरच चमकते. दर चौरस किलोमीटरास वर्षांत सुमारे २३३ वेळां, आणि वर्षांतील सरासरी २९७ रात्रीं ! तोंपर्यंत हा मान आफ्रिकेंतील कांगोच्या खोऱ्याकडे आहे असें मानीत.

याचें कारण असें. हें सरोवर सुमारे १३,००० चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आपल्या सबंध बीड जिल्ह्याहून मोठें आहे. त्याच्या पूर्व, दक्षिण व पश्चिम बाजूंस अँडीजच्या रांगा आहेत. केवळ उत्तरेकडे तें समुद्रास मोकळें आहे. त्या दारानें कॅरिबियन समुद्रावरील उष्ण व ओला वारा आंत येतो आणि डोंगरांत अडतो. रात्रीं डोंगरउतारावरील हवा थंड होऊन खालीं उतरते, सरोवराचें पाणी मात्र ऊबदारच राहतें. चहूंकडून येणारी हवा सरोवरावर एकत्र येऊन वर उसळते व प्रचंड उंचीचे ढग तयार होतात. त्यांतील बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून विजेचे भार वेगळे होतात, आणि ते अतिशय वाढले म्हणजे वीज चमकते. वळवाच्या ढगांत आपल्याकडे होतें तेंच हें. तेथें फक्त डोंगर व पाणी यांनीं तें जवळजवळ रोजचें करून ठेवलें आहे. तरी हा कंदील अखंड नव्हे. जानेवारीपासून मार्चपर्यंत तो मंदावतो, आणि २०१० च्या आरंभीं मोठें अवर्षण पडलें तेव्हां कित्येक आठवडे तो दिसेनासा झाला होता. हंबोल्ट यांनीं नोंदविलेल्या मतांपैकीं विजेचें मत अशा रीतीनें खरें ठरलें.

हंबोल्ट यांचें पुढील आयुष्यही असेंच श्रमांत गेलें. ता. २३ जून १८०२ रोजीं ते इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर, त्यांच्या मापनाप्रमाणें १९,००० फुटांहून वर, चढले. नाकातोंडांतून रक्त येत होतें; एका खोल भेगेनें वाट अडविली म्हणून शिखर हातीं लागलें नाहीं. तोंपर्यंत इतक्या उंचीवर कोणी चढल्याची नोंद नव्हती. मेक्सिको व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें पाहून १८०४ च्या ऑगस्टांत ते युरोपास परतले, आणि पॅरिसमध्यें राहून त्यांनीं या प्रवासाचे सुमारे तीस खंड प्रसिद्ध केले. सारखी उष्णता असणारीं स्थळें रेषेनें जोडण्याची पद्धत त्यांनीं १८१७ सालीं घालून दिली. आज शाळेच्या नकाशांत ज्या समोष्ण रेषा आपण काढतों त्या त्यांच्याच. या सर्व खटाटोपांत वडिलार्जित संपत्ति मात्र खर्च होऊन गेली.

हिंदुस्थानांत येऊन हिमालय पाहावा व अँडीजशीं त्याची तुलना करावी, ही त्यांची फार मोठी इच्छा होती. त्यासाठीं ते १८१४, १८१७ व १८१८ या सालीं लंडनला गेले. प्रशियाचा राजा खर्चास पैसे देण्यास तयार होता. परंतु ईस्ट इंडिया कंपनीनें परवानगी दिली नाहीं. स्पेनच्या वसाहतींतील जुलमावर त्यांनीं केलेली टीका कंपनीच्या संचालकांस अडचणीची वाटली असावी, असा तर्क चरित्रकार करतात. हिमालय अंतरला, म्हणून १८२९ सालीं, साठाव्या वर्षीं, ते रशियांतून थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आले.

तरी त्यांच्या विचारांस कंपनीनें अडविलें नाहीं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें जगांत ठिकठिकाणीं एकाच वेळीं घेतलीं जावींत, असें त्यांनीं १८३६ सालीं पत्र लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीस सुचविलें. या चळवळीचा परिणाम म्हणून कंपनीच्या मुलखांतही वेधशाळा निघाल्या, आणि मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं लागल्या; त्यांच्यामुळें मापें बिघडूं नयेत म्हणून १९०४ सालीं हें काम समुद्रापलीकडे अलिबागेस नेण्यांत आलें व तेथें तें पुढें चालूं राहिलें. ज्या देशाचें दार त्यांस बंद झालें, त्या देशांत, आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, त्यांनीं सुचविलेलें मोजमाप पिढ्यान् पिढ्या होत आलें.

१८२७-२८ च्या हिंवाळ्यांत बर्लिन येथें त्यांनीं सर्वांस खुलीं व फुकट व्याख्यानें दिलीं. तेथें राजघराण्यांतील माणसें व मजूर शेजारीं शेजारीं बसत, आणि विद्यापीठांचीं दारें ज्यांस बंद होतीं त्या स्त्रियाही मोठ्या संख्येनें येत. याच विषयावरील कॉसमॉस हा त्यांचा ग्रंथ १८४५ पासून प्रसिद्ध होऊं लागला व तो लिहीत असतांनाच, ता. ६ मे १८५९ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. पांचवा खंड अपुराच राहिला. तो १८६२ सालीं निघाला.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्राचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्या भागांत दरसाल वीज पडून शेतांतलीं माणसें व गुरें दगावतात. पायाळू होता म्हणून गेला, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु तो पावसांत कोणत्या झाडाखालीं उभा होता हें विचारीत नाहीं. या समजुतीनें दुहेरी अपाय होतो. पायाळू मूल जन्मभर विनाकारण भितें, आणि जो पायाळू नाहीं तो निर्धास्तपणें चिंचेखालीं किंवा लिंबाखालीं जाऊन उभा राहतो. वीज उंच व एकट्या वस्तूकडे ओढली जाते. ती कोणाचा जन्म कसा झाला हें पाहत नाहीं. गडगडाट ऐकूं आला कीं झाड, पाणी व मोकळें रान सोडून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास तेथेंच थांबावें.

घरांत सुखरूप बसल्यावर हंबोल्ट यांच्याप्रमाणें एक वही काढावी. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत किती सेकंद गेले तें मोजावें; दर तीन सेकंदांस एक किलोमीटर याप्रमाणें वीज किती दूर आहे तें कळतें. तारीख, वेळ व दिशा लिहावी. आणि जें स्वतः पाहिलें तें एका पानावर, व जें लोकांकडून ऐकलें तें, सांगणाऱ्याच्या नांवासह, दुसऱ्या पानावर लिहावें. अशी वही आपल्या शाळेंतील पांच-दहा मुलांनीं चार वर्षें जरी ठेविली, तरी घाटमाथ्यावर कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळीं व कोणत्या बाजूनें वीज अधिक येते हें शेतकऱ्यांस सांगतां येईल. आणि तेवढ्यानें एखाद्याचा जीव वांचला तरी पुष्कळ झालें.